लूत भरलेल्या मांजराची कैफियत

आमच्या गिरगावातील चाळीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या ज्या अंधाऱ्या कोपऱ्यात पूर्वी कोळशाची पोती ठेवीत आणि आता मोडक्या सायकली व रंगाचे रिकामे डबे पडलेले असतात, तेथे एका करड्या मांजरीने चार वर्षे आपला संसार थाटला होता. तिला कोणी पाळले नव्हते, तिची नोंद कोणाच्या दप्तरी नव्हती; परंतु तिसऱ्या मजल्यावरील मावशींच्या घरचे मासळीचे काटे, माझ्या घरचे बशीभर दूध आणि तळमजल्यावरील वाण्याच्या पोत्यांभोवतीचे उंदीर ही तिची वहिवाट इतकी मुकरर झाली होती की, एखादे दिवशी ती दृष्टीस पडली नाही तर साऱ्या चाळीला चुकल्याचुकल्यासारखे होई. मागल्या पावसाळ्याच्या अखेरीस तिच्या कानांच्या कडा जाड दिसू लागल्या, आणि नवरात्र बसेपर्यंत कपाळ, पापण्या व मान यांवर, ओल्या राखेचा लेप वाळून तडकावा तशी, करड्या खपल्यांची पुटे चढली. डोळे अर्धवट मिटलेले, मागच्या पायाने मान खाजवून खाजवून काढलेले रक्त, आणि अन्नावरची उडालेली वासना, अशा अवस्थेत ती जिन्याच्या पायरीवर बसून राही. चाळीत दोन पक्ष पडले. मुलांना लूत लागेल, हिला पोत्यात घालून बाजारात सोडून या, असे एकाचे म्हणणे. ज्याचे त्याचे भोग ज्याने त्याने भोगावे, तिला सुखाने मरू द्या, असे दुसऱ्याचे.

दुसऱ्या मजल्यावरील एका तरुण मुलाला मात्र हे दोन्ही मान्य होईना. त्याने आपल्या तुटपुंज्या पगारातून एका दुकानातून कुत्र्यांच्या मानेवर सोडावयाच्या औषधाची नळी आणली. "मांजराला चालेल का?" असे त्याने विचारले होते, आणि "चालतं की, थोडं कमी सोडा," असे उत्तर त्याला मिळाले होते. त्याने निम्मी नळी सोडली. संध्याकाळी मांजरीचे कान आपोआप फडफडू लागले, रात्री सर्वांगाला कंप सुटला, मध्यरात्रीनंतर झटके येऊ लागले, आणि पहाटे नळाला पाणी येण्याच्या सुमारास ती मेली. दुसऱ्या दिवशी ती रिकामी नळी आम्ही भिंगाखाली धरली, तेव्हा बोटाच्या पेरावर मावेल एवढ्या जागेत, मुंगीच्या पायासारख्या इंग्रजी अक्षरांत, हे औषध मांजरास वापरू नये असे छापलेले आढळले.

तो मुलगा अनेक दिवस कोणाशी धड बोलला नाही. चाळीत ज्याने त्या मुक्या जिवासाठी हात हलवला असा तो एकटा, आणि त्याच्याच हातून हे व्हावे, या गोष्टीचे शल्य मलाही अद्याप आहे; कारण वर्तमानपत्रे वाचणारा, चार पुस्तके बाळगणारा मी त्याच जिन्यावरून दिवसातून चार वेळा ये-जा करीत होतो, आणि तिला काय झाले आहे हे विचारण्याचे कष्ट मी घेतले नव्हते. तिला झालेला रोग असाध्य नव्हता, दुर्मीळ नव्हता, खर्चिकही नव्हता. लोकवस्तीत, परंतु घराबाहेर राहणाऱ्या मांजरांच्या त्वचेवर जे जीव पोसले जातात त्यांची ओळख आपणांस नाही, आणि ओळख नसताना केलेला इलाज रोगापेक्षा घातक ठरतो, एवढेच मला या लेखात पटवून द्यावयाचे आहे.

लूत हा शब्द आपल्या भाषेत रोगाच्या नावापेक्षा तिरस्काराचे विशेषण म्हणूनच अधिक चालतो, आणि ज्याला लूत भरली त्याच्या अंगी काही मूळचाच अमंगळपणा असला पाहिजे अशी समजूत त्या शब्दाच्या पोटात दडलेली आहे. ही समजूत तीन शतकांपूर्वीच निकालात निघावयास हवी होती. १६८७ साली इटलीतील जिओव्हानी कोझिमो बोनोमो या वैद्याने, चेस्तोनी या औषधविक्रेत्याच्या साहाय्याने, माणसाच्या खरजेतला किडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला व त्याचे चित्र काढले, आणि दूषित रक्ताच्या माथी मारलेला हा रोग एका इवल्याशा प्राण्याचा उपद्व्याप आहे हे दाखवून दिले. मांजराच्या खरजेचा किडा त्याच्याच भाऊबंदांपैकी. शास्त्रात त्याला नोटोएड्रिस म्हणतात; तो आठ पायांचा, कोळी आणि गोचीड यांच्या कुळातला, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, आणि कातडीच्या वरच्या थरात बीळ पोखरून तेथेच अंडी घालणारा असतो. त्याच्या वाटचालीचा क्रम इतका ठरलेला आहे की, एकदा लक्षपूर्वक पाहिलेला मनुष्य तो पुढे जिन्याच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखील. आरंभ कानाच्या कडेपासून, तेथून संपूर्ण कान, मग कपाळ, पापण्या, गाल आणि मान. त्यानंतर, मांजर पंज्याने तोंड पुसते व अंगाचे वेटोळे करून झोपते म्हणून, पंजे आणि शेपटीच्या मुळाजवळचा भाग. खाज अनावर असते, कातडीला हत्तीच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडतात, आणि उपाय झाला नाही तर जनावर खंगत जाऊन मरते.

मुलांना लूत लागेल ही भीती अगदीच निराधार नाही, पण तिचे प्रमाण आपण ओळखत नाही. अशा मांजराला कुरवाळणाऱ्याच्या हातांवर किंवा पोटावर खाजरे पुरळ येऊ शकते. परंतु हा किडा माणसाच्या अंगावर आपली वंशवृद्धी करू शकत नाही, आणि मांजर बरे झाले की ते पुरळही ओसरते. मांजराला बाजारात सोडून येणे हा मात्र इलाजच नव्हे, कारण त्याने रोग एका आळीतून दुसऱ्या आळीत जातो एवढेच होते.

औषध आहे, आणि ते इतके गुणकारी आहे की पूर्वीच्या पिढ्यांना ते चमत्कारच वाटले असते. जपानमधील शिझुओका प्रांतातल्या मातीतून सातोशी ओमुरा यांनी वेगळ्या काढलेल्या एका सूक्ष्मजीवापासून जे द्रव्य निघाले, आणि ज्याबद्दल त्यांना व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच द्रव्याच्या घराण्यातील आयव्हरमेक्टिन व सेलामेक्टिन ही औषधे आज पशुवैद्य मांजराच्या खरजेवर वापरतात. पहिल्याचे इंजेक्शन, दुसऱ्याचे थेंब. मानेच्या मागे, जेथे मांजराची जीभ पोहोचत नाही त्या जागी, केस बाजूला सारून थेंब सोडले की काम झाले. पशुवैद्याने सांगितलेल्या मुदतीनंतर दुसरी मात्रा द्यावी लागते. तिच्यात कसूर झाली तर पहिलीही वाया जाते. गुरांसाठी मिळणारी आयव्हरमेक्टिनची बाटली आणून अंदाजाने टोचण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये. गाईच्या मापाने केलेल्या औषधाचा एखादा जास्तीचा थेंबही लहान पिलाच्या मेंदूवर आघात करू शकतो.

पिसवेची गोष्ट निराळी. पिसू ओळखणे सोपे आहे असे आपण समजतो आणि तेथेच फसतो, कारण मांजर हे स्वतःला अखंड चाटणारे जनावर असल्यामुळे अंगावरील पिसवा ते गिळून टाकते, आणि पाहणाऱ्याला पोटावरचे केस गेलेले दिसतात, पण पिसू एकही दिसत नाही. यासाठी एक साधी परीक्षा आहे. आजी-पणजीच्या काळची बारीक दातांची फणी मांजराच्या पाठीवरून, शेपटीच्या मुळापर्यंत फिरवावी, आणि तिच्यात जी काळी कणी येईल ती ओल्या पांढऱ्या कापसावर झटकावी. माती असेल तर ती मातीच राहील. पिसवेची विष्ठा असेल तर तिच्याभोवती तांबूस डाग पसरेल, कारण ती पचलेल्या रक्ताचीच असते. हा डाग दिसला की साक्षीपुराव्याची अधिक जरूर नाही. शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखे काही चिकटलेले दिसले तर तो पट्टकृमीचा तुकडा समजावा. त्याची अळी पिसवेच्या पोटात वाढते आणि गिळलेल्या पिसवेबरोबर मांजराच्या आतड्यात जाते, तेव्हा दोहोंवर औषध एकदमच द्यावे लागते.

पिसवेचा बंदोबस्त करताना लोक थकतात, त्याचे कारण असे की जी पिसू आपणांस मांजराच्या अंगावर दिसते ती त्या साऱ्या पसाऱ्याचा विसावा हिस्साही नसते. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते, ती अंडी अंगावरून घरंगळून पोत्यांत, फरशीच्या फटींत व गादीच्या शिवणींत पडतात, त्यांतून निघालेल्या अळ्या उजेडापासून दूर सरकतात, आणि पुढे कोश विणून त्यात कित्येक आठवडे, प्रसंगी महिनोन्‌महिने स्वस्थ पडून राहतात. पावलांचा धक्का, अंगाची ऊब आणि श्वासाची चाहूल लागली म्हणजे कोश फुटतो. बंद घर दोन महिन्यांनी उघडताच घोट्यांना पिसवा का डसतात, याचा उलगडा यात आहे. तेव्हा मांजराच्या मानेवर तेच सेलामेक्टिनचे थेंब सोडावे, आणि त्याच दिवशी त्याच्या झोपण्याच्या जागेची पोती फेकून, फडकी उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावी, फटी झाडून काढाव्या, आणि हे काम दर आठवड्याला निदान दोन-तीन महिने चालू ठेवावे. अगदी कोवळ्या पिलांच्या बाबतीत तर हयगय करूच नये. त्यांच्या हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या तर पिसवांनी त्यांचे रक्त शोषून त्यांना मरणाच्या दारी नेले आहे असे समजावे; त्यांना औषधाऐवजी फणीने विंचरून पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पिसवेचे नाव निघाले की मला १८९८ साल आठवते. मुंबई इलाख्यात प्लेगने दोन वर्षे थैमान घातले होते, घरे जाळली-धुतली जात होती, माणसे रोगापेक्षा बंदोबस्ताला अधिक भीत होती, आणि रोग पसरतो कसा हे कोणालाच कळत नव्हते. त्या वर्षीच्या जून महिन्यात कराचीत पॉल-लुई सिमोन या फ्रेंच वैद्याने प्लेगने मरू घातलेला एक उंदीर काचेच्या भांड्यात ठेवला, एका हॉटेलच्या आसपास हिंडणाऱ्या मांजराच्या अंगावरून काही पिसवा घेऊन त्याही त्यात सोडल्या, आणि पहिल्या उंदराशी स्पर्श होणार नाही अशा बेताने एक निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात तेथेच ठेवला. काही दिवसांनी तोही उंदीर प्लेगने मेला. प्लेग पिसवेमार्फत पसरतो हे सिमोनचे म्हणणे बरीच वर्षे कोणी मनावर घेतले नाही. पुढे परळच्या प्रयोगशाळेत प्लेगच्या संशोधन मंडळाने केलेल्या प्रयोगांनी ते निर्विवाद ठरले. प्लेगची मुख्य वाहक उंदराची पिसू, मांजराची नव्हे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. नाहीतर ही हकीकत वाचून कोणी उद्या मांजरांवर काठी उगारील. माझ्या मनात एवढेच येते की, ज्या शोधाने पुढे असंख्य माणसांचे प्राण वाचले, त्या शोधाच्या कामी एक बेवारशी, पिसवांनी भरलेले मांजर आले होते.

कानांतील किड्यांविषयी थोडक्यात सांगतो. मांजर सारखे डोके झटकते, कानामागे खाजवून जखम करते, आणि कानात डोकावले तर कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट, भुसभुशीत मळ साचलेला दिसतो. तो मळ काळ्या कागदावर पसरून भिंगातून पाहिला तर हलणारे पांढरे ठिपके दिसतात. यावरही तेच थेंब चालतात; कानात काडी घालणे किंवा कोमट तेल ओतणे यांनी पडदा फाटण्याचा संभव असतो. उवा क्वचित, आणि त्याही आजारी किंवा फार म्हाताऱ्या मांजरांना, ज्यांचे अंग चाटणे थांबले आहे. त्या माणसाच्या डोक्यात येत नाहीत. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी, पिळू नये. जखमेत आसड्या पडल्या असतील तर मात्र तासांचा हिशेब करावा लागतो, आणि तेथे घरी बसून काहीही करण्यात अर्थ नाही.

आणखी एक सावधगिरी हवी. टक्कल पडलेला गोल चट्टा दिसला म्हणजे तो किड्याचाच असेल असे नाही. मांजरांना गजकर्णही होते, ते बुरशीचे असते, माणसांना, विशेषतः मुलांना, खरोखर लागते, आणि त्याचे औषध सर्वस्वी वेगळे. पांढऱ्या कानांच्या मांजराच्या कानाच्या टोकावरची न भरणारी खपली कधीकधी उन्हामुळे उद्भवलेल्या कर्करोगाची असते. खरवडलेली खपली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पशुवैद्य खरजेचा निकाल काही मिनिटांत देतो. त्याच्या डोळ्यांचे काम आपण तर्काने करू नये.

आता त्या नळीविषयी. कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांवरील अनेक औषधांत पर्मेथ्रिन नावाचे द्रव्य असते. कुत्र्याचे यकृत ते विनासायास पचवून टाकते. मांजराच्या यकृतात मात्र अशा द्रव्यांचा निचरा करणारी एक प्रक्रिया जन्मतःच दुबळी असते, त्यामुळे ते विष शरीरात साचून मज्जातंतूंवर चालून जाते. मांजर म्हणजे लहान आकाराचा कुत्रा, या एका चुकीच्या कल्पनेने आमची करडी मांजर मेली. याच दुबळेपणामुळे कार्बोलिक, फिनेल, डांबरगोळ्या हीही तिला विषेच आहेत, आणि माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. रॉकेल, टर्पेंटाइन, गाडीचे जळके ऑइल ही खेड्यापाड्यांतून लूत भरलेल्या कुत्र्यांना सर्रास फासली जातात. ती कुत्र्यालाही अपायकारकच, पण अंगावर पडलेले सर्व काही चाटून गिळणाऱ्या मांजराला ती फासणे म्हणजे विष पाजणेच होय. उवांवर सीताफळाच्या बियांची पूड लावण्याची आपल्याकडची जुनी चाल आहे. ती पूड डोळ्यात गेली तर डोळा जायबंदी होतो, आणि खरूज तर मांजराच्या पापण्यांवरच असते. चुकून कुत्र्याचे औषध लागलेच तर भांडी घासण्याच्या सौम्य साबणाने व कोमट पाण्याने अंग धुऊन, टॉवेलात गुंडाळून, मांजर तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. सकाळपर्यंत वाट पाहण्याची चूक आम्ही केली.

तिची तीन महिन्यांची दोन पिले मागे राहिली, आणि पंधरा दिवसांत त्यांच्याही कानांच्या कडा जाड झाल्या. या खेपेस चाळीने शहाणपणा केला. पशुवैद्यांनी आम्हांला पहिलीच गोष्ट अशी सांगितली की, एका मांजराला औषध देऊन उपयोग नाही. जी मांजरे एकत्र झोपतात, एकमेकांना चाटतात किंवा भांडतात, त्या सर्वांना एकाच दिवशी औषध मिळाले पाहिजे, नाहीतर रोग फिरून येतो. शेजारच्या इमारतीतील धरून अशी सात मांजरे निघाली. आठ दिवस रोज संध्याकाळी सातला, एकाच जागी, एकाच थाळीच्या आवाजाने त्यांना बोंबलाचा भात घातला. नवव्या दिवशी मांजरे खाण्यात गुंग असताना एकेकीच्या मानेवर थेंब सोडले, आणि ज्या एका बोक्याने हात लावू दिला नाही त्याला जाड चादरीखाली धरले. कोणते मांजर, कोणती तारीख, याची फेरिस्त मावशींनी दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवली. महिन्याने दुसरी मात्रा झाली. खर्च सार्वजनिक गणपतीच्या वर्गणीतील शिलकेतून भागला, आणि मांजरांना हाकलून द्या म्हणणाऱ्या गृहस्थांनीच तो ठराव मांडला.

ही तजवीज दर चाळीला व दर सोसायटीला शक्य आहे, आणि ती करणे हे केवळ भूतदयेचे काम आहे असेही नाही. प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे राज्यघटनेच्या ५१ अ कलमाने, १९७६ च्या दुरुस्तीपासून, नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा तर १९६० सालचा आहे. ज्या मुंबईत पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून उभे आहे, त्या मुंबईत खरजेच्या मांजराला काय द्यावे हे एका सुशिक्षित चाळीला ठाऊक नसावे, याचा दोष विद्येकडे जात नाही, तिच्या प्रसाराकडे जातो. म्हणून माझे सरकारदरबारी दोनच अर्ज आहेत. कुत्र्यांसाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नळीवर, डब्यावर व फवाऱ्यावर "मांजरास लावू नये" हे शब्द मराठीत, ठसठशीत व लाल अक्षरांत छापण्याची सक्ती असावी, आणि असे औषध देताना ग्राहकाला तोंडी ताकीद देणे विक्रेत्यावर बंधनकारक असावे. आणि शहरोशहरीच्या नगरपालिकांनी आठवड्यातून एक दिवस, ठरावीक वेळी, बेवारशी मांजरांच्या त्वचारोगांसाठी राखून ठेवावा, जेथे आणणाऱ्याला "मालक कोण?" असा प्रश्न विचारला जाणार नाही, कारण मालकीचा दाखला नाही म्हणून जे मांजर दारातून परत जाते, ते आपल्या अंगावरील रोग घेऊन आपल्याच जिन्याखाली परत येते.

हे अर्ज मंजूर होईपर्यंत वाचकांना माझी एक विनंती आहे. आपल्या घरात कुत्र्याच्या पिसवांचे औषध असेल तर आजच ते कपाटातून काढून भिंगाखाली वाचा, त्यात पर्मेथ्रिन हा शब्द असेल तर त्याच्या नळीवर स्वतःच्या हाताने मराठीत "मांजरास विष" असे लिहा, आणि मगच ती नळी पुन्हा कपाटात ठेवा.